मोजकाच संगणक पुरे

सकाळचा चहा झाला की संगणकासमोर बसावे, बँकेचे खाते पाहावे, नातवंडांचे फोटो पाहावेत, राहून गेलेल्या आठवणी लिहून काढाव्यात, असा बेत आपल्यापैकी अनेकांनी निवृत्तीनंतर केलेला असतो. प्रत्यक्षात घडते ते निराळेच. बटण दाबल्यापासून पडदा स्थिर होईपर्यंत चहा निवून जातो. कोपऱ्यातून एक चौकट डोकावते आणि विचारते, आत्ता अद्ययावत करायचे की नंतर? तिला उत्तर द्यावे तोवर दुसरी येते. हवामान, क्रिकेट, कुणा नटीचा विवाह, विकत घेण्याजोगे काही. या गर्दीतून वाट काढत बँकेच्या पानापर्यंत जावे, तर गेल्या महिन्यात जिथे खूण होती तिथे आता ती नसते. चार-सहा वेळा असे झाले की आपण संगणक बंद करतो आणि मुलाला फोन लावतो. पुढे पुढे फक्त फोनच लावला जातो आणि संगणकावर कापडी आच्छादन चढते.

घरातली मंडळी याला ‘आता वय झाले’ म्हणतात आणि हळूहळू आपणही तसे मानू लागतो. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. वयाचा भाग यात आहेच. पण त्याहून मोठा भाग त्या पडद्यावरील गर्दीचा आहे, आणि ती कमी करणे आपल्या हातात आहे. त्यासाठी नवा संगणक घ्यावा लागतोच असे नाही. पुष्कळदा जुन्याच संगणकावर एक साधी, मोजकी कार्यप्रणाली बसवली, तर तो आपल्या कामाचा आणि मुख्य म्हणजे आपल्या ताब्यातला होतो.

कार्यप्रणाली म्हणजे संगणक सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत त्याचा सारा कारभार पाहणारी व्यवस्था. आपल्याकडील बहुतेक घरांत ती ‘विंडोज’ असते. या विषयाला सध्या एक तातडीची बाजूही आहे. विंडोज १० या आवृत्तीला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. काही अटींवर सुरक्षा-सुधारणांची मुदतवाढ मिळते, पण ती तात्पुरती. पुढची आवृत्ती, विंडोज ११, चालण्यासाठी संगणकात ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षा-सोय आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर असावा लागतो; साधारण २०१८ पूर्वीचे बरेच संगणक त्या कसोटीला उतरत नाहीत. ते बिघडलेले नसतात, नुसते अपात्र ठरलेले असतात. अशा यंत्रावर जुनीच कार्यप्रणाली वर्षानुवर्षे तशीच वापरत राहून बँकेचे व्यवहार करणे मात्र धोक्याचे आहे, हे स्पष्ट सांगायला हवे.

गर्दी आणि वाढते वय

वयोमानाप्रमाणे बुद्धी सरसकट मंदावते, हा समज खरा नाही. शब्दसंपत्ती, अनुभवातून आलेली समज, वर्षानुवर्षे मुरलेली कौशल्ये दीर्घकाळ शाबूत राहतात. बदलते ते दुसरेच काही. लिन हॅशर आणि रोझ झॅक्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ साली एक उपपत्ती मांडली. वय वाढते तसे बिनकामाच्या गोष्टी मनाच्या उंबरठ्याबाहेर ठेवण्याची क्षमता कमी होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या उपपत्तीवर पुढे बरीच चर्चा झाली. तरीही आपल्या रोजच्या अनुभवाशी ती ताडून पाहावी. बाजारात दोन जण एकाच वेळी बोलू लागले की पूर्वी चालत असे, आता त्रास होतो. पडद्यावर लुकलुकणारी चौकटही तेच करते. तिच्याकडे लक्ष जाते आणि आपण काय करत होतो ते निसटते.

त्याहीआधी, १९५२ साली, विल्यम हिक या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांतून दाखवून दिले होते की समोरचे पर्याय वाढत जातात तसा निर्णयाला लागणारा वेळही वाढतो. हे तरुणांनाही लागू आहे. आपल्याला तो वेळ अधिक जाणवतो एवढेच.

यात डोळ्यांची भर पडते. मोतीबिंदूची सुरुवात झालेली असेल तर उजेड डोळ्यांत पसरतो, फिकट राखाडी अक्षरे पांढऱ्या पार्श्वभूमीत विरघळून जातात. नव्या धाटणीच्या पडद्यांवर नेमकी तशीच फिकट अक्षरे आणि बारीक खुणा असतात. बोटांना कंप असेल तर दोनदा भरभर टिचकी मारणे जमत नाही. हातून चूक होते, काहीतरी भलतेच उघडते, आणि ‘आपल्याकडून बिघडेल’ ही भीती मनात घर करते. मला विचाराल तर सर्वांत अधिक नुकसान ही भीती करते. एकदा ती बसली की माणूस स्वतःचे खाते पाहण्यासाठीही दुसऱ्यावर अवलंबून राहतो.

मोजकी म्हणजे किती मोजकी?

१९९१ साली हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनुस टोरवाल्ड्स याने ‘लिनक्स’चा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. पुढे त्या गाभ्याभोवती अनेकांनी आपापल्या गरजेप्रमाणे संपूर्ण कार्यप्रणाली उभ्या केल्या. १९९३ साली सुरू झालेली ‘डेबियन’ त्यांतलीच एक; २००६ साली आलेली ‘लिनक्स मिंट’ दुसरी. पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ या शासकीय संस्थेने डेबियनच्याच आधारे भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ ही कार्यप्रणाली तयार केली आहे. यांतील बहुतेक विनामूल्य मिळतात. एकाच पिठाच्या भाकरी, थालीपीठ आणि धिरडे व्हावे तसे हे आहे. गाभा तोच, रूपे वेगळी.

या रूपांपैकी काही फार सडपातळ आहेत. ‘अल्पाइन लिनक्स’चा मूळ सांगाडा तर अवघ्या काही मेगाबाइटांचा असतो आणि हौशी मंडळी त्यावर एकेक वस्तू चढवून रोजच्या वापराचा संगणक घडवतात. त्यांचे मला कौतुक आहे. पण घरातल्या ज्येष्ठांसाठी मी ती वाट सुचवणार नाही. इतर लिनक्सवर सहज चालणारे काही प्रोग्रॅम तिच्यावर तसेच्या तसे चालत नाहीत आणि प्रत्येक लहानसहान गोष्टीसाठी आज्ञा टंकाव्या लागतात. अगदीच जुने, एक-दोन गिगाबाइट मेमरीचे यंत्र असेल तर ‘अँटिएक्स’ किंवा ‘पपी लिनक्स’ ही नावे लक्षात ठेवावीत. सर्वसाधारण घरासाठी मात्र डेबियन किंवा लिनक्स मिंट घ्यावी आणि तिच्यावर ‘एक्सएफसीई’ नावाची साधी मांडणी निवडावी, हे बरे. मिंटला किमान २ गिगाबाइट मेमरी लागते आणि ४ गिगाबाइट असल्यास काम सुखाने चालते. पाया भक्कम असावा आणि डोळ्यांसमोर मोजकेच असावे, एवढीच मोजकेपणाची माझी व्याख्या आहे.

एक अपेक्षा मात्र आधीच आवरायला हवी. कार्यप्रणाली हलकी झाली म्हणून संकेतस्थळे हलकी होत नाहीत. बँकेचे पान, व्हिडिओ आणि बातम्यांचे पान एकाच वेळी उघडले तर जुने यंत्र पुन्हा धापा टाकू लागेल. एका वेळी एकच पान उघडे ठेवण्याची सवय येथे उपयोगी पडते. शिवाय संगणकात जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती काढून ‘एसएसडी’ बसवून घ्यावी. जुन्या संगणकात इतका फरक पाडणारी दुसरी दुरुस्ती नाही.

पडद्यावर काय ठेवावे

आता मांडणीकडे वळू. संगणक सुरू झाल्यावर पडद्यावर एकरंगी, शांत पार्श्वभूमी असावी. खाली एक रुंद पट्टी आणि तिच्यावर पाच-सहा मोठ्या खुणा. त्यांना प्रोग्रॅमची नावे देऊ नयेत, कामाची द्यावीत. ‘बँक’, ‘पत्रे’, ‘लेखन’, ‘फोटो’, ‘बातम्या’, ‘बंद करा’. एक्सएफसीईमध्ये खुणेचे नाव बदलून मराठीत लिहिता येते, आणि मेनू काही ठिकाणी मराठीत तर काही ठिकाणी इंग्रजीत दिसत असल्यामुळे हे करणे अगत्याचे ठरते. ‘बँक’ या खुणेवर टिचकी मारली की थेट बँकेचेच अधिकृत पान उघडेल, अशी सोय करून ठेवावी. शोधयंत्रात बँकेचे नाव टाकून मिळालेल्या पहिल्या दुव्यावर जाण्याची सवय फसवणुकीला आमंत्रण देते. ती यामुळे आपोआप सुटते. सगळे मनासारखे झाले की पट्टी जागेवर कुलूपबंद करता येते, म्हणजे चुकून ओढली जाऊन खुणा हरवत नाहीत. जागा पक्की राहिली की हाताला ती पाठ होते. देवघरातला काडेपेटीचा कोनाडा जसा अंधारातही सापडतो, तसे.

अक्षरांचा आकार संपूर्ण पडद्यासाठी एकदाच वाढवावा. दोन टिचक्यांऐवजी एकाच टिचकीने फाइल उघडेल अशी योजना करता येते. हाताला कंप असेल तर एकच कळ चुकून दोन-तीनदा दाबली गेल्यास ती एकदाच धरली जावी, आणि दोन कळा एकदम दाबण्याऐवजी एकामागून एक दाबल्या तरी चालाव्यात, अशा दोन्ही सोयी सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ या भागात असतात. ‘ऑल्ट’ कळ दाबून धरून माउसचे चाक फिरवले की पडद्याचा भाग भिंगाखाली धरल्यासारखा मोठा होतो. औषधाच्या पाकिटाचा फोटो किंवा तपासणीचा अहवाल वाचताना हे फार उपयोगी पडते. दृष्टी खूपच अधू असेल तर ‘ऑर्का’ हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आहे. त्याचा मराठी आवाज यांत्रिक वाटतो खरा, पण सवयीने कळू लागतो.

मराठीत लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट किंवा उच्चारानुसारी कळफलक एकदा जोडून ठेवला की पत्रे, आठवणी, सोसायटीचे अर्ज सारे ‘लिब्रेऑफिस’मध्ये लिहिता येते. येथे एक खाचखळगा आहे. ज्यांनी पूर्वी श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या फाँटमध्ये मजकूर टंकून ठेवला आहे, त्यांना तो नव्या यंत्रावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसेल. मजकूर नष्ट झालेला नसतो; त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे लागते. हे काम जुना संगणक चालू असतानाच उरकावे.

बसण्याबद्दलही एक सूचना. द्विनाभी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणारे खालच्या भिंगातून पाहण्यासाठी नकळत मान मागे टाकतात आणि अर्ध्या तासात मान अवघडते. त्यांनी पडदा नेहमीपेक्षा थोडा खाली ठेवावा व किंचित मागे कलता करावा. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटल्या जातात व डोळे कोरडे पडतात. म्हणून दर वीस मिनिटांनी नजर खिडकीबाहेर न्यावी.

फसवणूक

‘आपल्या संगणकात विषाणू शिरला आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ असा मोठ्या आवाजाचा संदेश अचानक पडदा व्यापून टाकतो, हा प्रकार आपण ऐकला असेल. घाबरून फोन केला की समोरचा माणूस गोड बोलून संगणकाचा ताबा मागतो. मोजक्या लिनक्स संगणकावर विंडोजच्या नावाने असा संदेश आला तर तो खोटा असल्याचे तत्काळ उघड होते, कारण विंडोज तेथे नाहीच. परवलीचा शब्द दिल्याशिवाय नवा प्रोग्रॅमही सहसा बसत नाही.

पण यावर विसंबून निर्धास्त होऊ नये. ओटीपी विचारणारा फोन, ‘डिजिटल अटक’ केल्याची धमकी, खोटे नातेवाईक हे सारे फोनवरून येते आणि माणसाच्या मनाला लक्ष्य करते. तेथे कोणतीही कार्यप्रणाली आड येत नाही. कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकार नाही. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक.

जे येथे होणार नाही

निवृत्तिवेतनधारकांनी एक गोष्ट आधी जाणून घ्यावी. हयातीचा दाखला देण्याच्या ‘जीवन प्रमाण’ योजनेचा संगणकावरचा प्रोग्रॅम विंडोजसाठी आहे. लिनक्सवर तो चालणार नाही. अँड्रॉइड फोनवर चेहऱ्याच्या ओळखीने दाखला देता येतो, किंवा बँकेत, टपाल खात्यामार्फत ते काम होते. सनदी लेखापाल वापरतात ती डिजिटल स्वाक्षरीची चावी, बोटांचे ठसे घेणारी उपकरणे आणि काही छपाई-यंत्रे यांच्या बाबतीतही अडचण येऊ शकते. घरातले छपाई-यंत्र चालते की नाही ते बदल करण्यापूर्वीच पाहावे.

आणि ते पाहता येते, हे या कार्यप्रणालींचे मोठे सौजन्य आहे. पेनड्राइव्हवर कार्यप्रणाली उतरवून घेतली आणि संगणक त्यावरून सुरू केला, तर आतल्या जुन्या व्यवस्थेला धक्का न लावता सगळे वापरून पाहता येते. पेनड्राइव्हवरून थोडे संथ चालेल. पण वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, अक्षरे वाचवतात का, छपाई होते का, हे कळते. पटले नाही तर पेनड्राइव्ह काढून घ्यावा. पटले, तर सर्व फोटो व कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून, ती उघडते याची खात्री करून मगच कायमची बसवावी. या प्रतीशिवाय पुढे जाऊ नये.

काळजी घेणाऱ्यांशी दोन शब्द

आता घरातील मुला-सुनांना, लेकी-जावयांना उद्देशून. माझ्या परिचयातील एका निवृत्त मुख्याध्यापकांचा संगणक त्यांच्या भाच्याने सुट्टीच्या एका दुपारी बदलून टाकला. काम चोख होते. यंत्र पूर्वीपेक्षा दुपटीने वेगवान झाले होते. पण मास्तर संध्याकाळी बसले तेव्हा त्यांना त्यात आपले काहीच सापडेना. ‘माझी खोली कुणीतरी आवरून ठेवल्यासारखे वाटते’, एवढेच ते म्हणाले आणि महिनाभर संगणकाकडे फिरकले नाहीत. पुढे भाच्याने त्यांच्याच शेजारी बसून, कोणती खूण कुठे हवी ते त्यांना विचारत सारी मांडणी पुन्हा केली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

म्हणून आधी आठवडाभर नुसते पाहावे. आई संगणकावर नेमके काय करते? बाबा काय करायचा प्रयत्न करून सोडून देतात? त्या गोष्टींचीच यादी करावी. ‘हेही टाकून देतो, पुढे उपयोगी पडेल’ हा मोह टाळावा. जे त्यांनी मागितले नाही ते पडद्यावर असण्याचे कारण नाही.

स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेली असेल तर विचार वेगळा करावा. नव्याने शिकणे कठीण होत असताना जुन्या हातवळणाच्या सवयी बराच काळ टिकून राहतात. विंडोजच्या जुन्या मांडणीवर त्या व्यक्तीचा हात अजून चालत असेल, तर ती सवय मोडू नये. फार तर नव्या कार्यप्रणालीत पट्टी, रंग, खुणांच्या जागा हुबेहूब जुन्यासारख्या करून पाहाव्यात. गोंधळ वाढला तर माघार घ्यावी. अशा वेळी बँकेचे व्यवहार कुणी पाहायचे हा प्रश्न डॉक्टरांशी आणि कुटुंबात मोकळेपणी बोलून सोडवायचा आहे. संगणक बदलून तो सुटत नाही.

परवलीचा शब्द कुणाकडे असावा, यावरून घरोघरी वाद होतात. मुलांना वाटते, आपल्याकडे असला म्हणजे आई-वडील सुरक्षित. मला हे पटत नाही. यंत्र ज्यांचे, शब्द त्यांचा. रोजच्या वापराचे खाते साधे, कमी अधिकारांचे ठेवावे. दुरुस्तीच्या खात्याचा शब्द बंद लिफाफ्यात घालून त्यांच्याच कपाटात ठेवावा आणि एका विश्वासू व्यक्तीला लिफाफा कुठे आहे ते ठाऊक असावे. कुलूप आणि किल्ली दोन्ही परगावी नेऊन ठेवण्याला काळजी म्हणत नाहीत.

मूल परदेशात असेल तर मिंटमधील ‘टाइमशिफ्ट’ ही सोय पहिल्याच दिवशी चालू करावी. ती कार्यप्रणालीची ठरावीक दिवसांनी नोंद ठेवते. काही बिघडले तर संगणक चार दिवसांपूर्वीच्या स्थितीत परत नेता येतो. आपल्या फोटो-पत्रांच्या प्रती मात्र वेगळ्या काढाव्या लागतात. ‘आपल्याकडून बिघडेल’ या भीतीवर या सोयीइतका चांगला उतारा नाही. आईला एकदा तो प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवावा. मुद्दाम एखादा लहानसा प्रोग्रॅम काढून टाकावा, आणि तिच्याच हातून तो परत आणवावा.

शेवटी एक जाड पुठ्ठा घ्यावा आणि त्यावर काळ्या शाईने, तळहाताएवढ्या नाही तरी बोटाएवढ्या अक्षरांत लिहून तो पडद्याशेजारी उभा करावा. वर संगणक कसा सुरू व कसा बंद करायचा. त्याखाली, काही अडकले तर पाच मिनिटे थांबून ‘बंद करा’वर टिचकी मारायची. मग घरच्या दोन माणसांचे दूरध्वनी क्रमांक, त्यांना फोन करण्याची सोयीची वेळ, आणि तळाशी १९३०. परवलीचा शब्द या पुठ्ठ्यावर लिहू नये. तो लिफाफ्यात आहे.